न वाचता केलेल्या सह्या

२४ मार्च १७८८, सोमवार

रात्री कडक गोठण, दिवसा लख्ख ऊन. मेपलच्या झाडांना गोड रस सुटलाय. पहाटेपासून राईत आहे. सत्तर झाडांना भोकं पाडून बादल्या टांगल्या, रस आटवून पाक करायला मोठी कढई चुलवणावर चढवली. आता आठवडाभर मला कुणी काही विचारू नये.

पण आमच्या चर्चचा कारभारी, डीकन ओबेड केलम, त्याला कोण सांगणार? चिखल तुडवत थेट राईत आला. व्हर्मांटातल्या या गावचा पहिला पंच मी, दुसरा तो, आणि गावचं दप्तरही त्याच्याच ताब्यात. तिसरा पंच डीकन मान हलवेल तशी मान हलवतो. हातात अकरा निघा-कागद. वर्षभरात बाहेरून येऊन राहिलेल्यांना 'गाव सोडा' म्हणून द्यायचे. बहुतेक लोक कागद घेतात आणि इथेच राहतात, पण कागद दिला की गाव मोकळं. वर्षाच्या आत दिला नाही तर माणूस कायमचा गावचा, आणि उद्या अंथरुणाला खिळला की त्याचं पोट आपल्या गळ्यात.

डीकन म्हणाला, "नावं वाचून दाखवू?"

मी म्हटलं, "कढई उतू चाललीय, दिसत नाही? आणा इकडे."

"यंदा अकरा म्हणजे जरा जास्तच वाटतात, कॅप्टन. फार कडक वागतोय का आपण?"

"आज एक ठेवून घ्या, उद्या दहा येतील," मी म्हटलं. एका हातात झारा, दुसऱ्या हातात लेखणी, अकरा सह्या ठोकल्या. एका कागदावर पाकाचा टपोरा थेंब पडला. डीकनने तो बोटाने पुसला आणि बोट चाटलं. डीकन झाला तरी माणूसच.

पाक झकास उतरला. कढई एकदाही उतू गेली नाही.

३ जून, मंगळवार

पलटणीच्या कवायतीचा दिवस. अठ्ठावन्न माणसं, एकतीस बंदुका, बाकीच्यांकडे काठ्या. एकाने तर खराटा आणला होता. त्याला म्हटलं, शत्रू आला की अंगण झाडून दाखव. डावं-उजवं अजून कळत नाही लोकांना. गवताची काडी एका बुटाला आणि पेंढ्याची दुसऱ्या बुटाला बांधून "गवत! पेंढा!" ओरडलो, तेव्हा कुठे जरा रांग चालली.

टोबी हॅस्केट असता तर दोन दिवसांत यांना सरळ केलं असतं. इंग्रजांविरुद्धच्या लढाईतला माझा सार्जंट. नुसती कवायत नाही, लेखणीतही तरबेज. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं, त्यामुळे घरची सगळी पत्रं तोच लिहायचा. मी दोन वाक्यं सांगायचो, तो पान भरायचा, मी खाली सही करायचो. शेवटी छावणीतल्या तापाने गेला. मी हात धरून बसलो होतो. त्याला म्हटलं होतं, तुझ्या माणसांना कधी अडलं तर सरळ माझ्या गावी धाडून दे, हा असाहेल थ्रॉलचा शब्द आहे. दहा वर्षं झाली, कुणी आलं नाही. बरं चाललं असेल त्यांचं.

कवायत संपल्यावर रम वाटली. लेव्ही टटल पलटणीत माझा कॉर्पोरल आणि एरवी गावचा कॉन्स्टेबल. त्याला विचारलं, ते अकरा कागद देऊन झाले का? म्हणाला, "केव्हाच. दहा जणांनी शिव्या घातल्या. वळणावरच्या खोपटातली विणकरीण आहे ना, ती एकटी काही बोलली नाही. सही बघत राहिली बराच वेळ. मग मला विचारते, 'कॅप्टन बरे आहेत ना?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बरे आहेत की. जेवतात, ओरडतात."

मी पोट धरून हसलो. चांगली बाई दिसते.

२ सप्टेंबर, मंगळवार

गावाने मला विधानसभेवर निवडून दिलं. मी उभा नव्हतो, मागितलं नव्हतं. मतं मोजल्यावर कळलं. दुसरा उमेदवार डीकन होता, त्याने माझा हात हातात घेतला, पण घेताना जरा जास्तच दाबला.

मला भाषण करता येत नाही. हुकूम देता येतो, पण ते वेगळं. घरी येऊन माइंडवेलला सांगितलं तर बायको म्हणते, "अगंबाई! आता तिथेही 'गवत, पेंढा' करणार का?" मग आत जाऊन माझी एकुलती एक चांगली विजार काढून उसवायला बसली. कंबर वाढलीय म्हणे माझी. काही वाढलेली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

हे कसं लिहू?

माइंडवेल दर गुरुवारी वळणावरच्या विणकरणीकडे सूत घेऊन जायची. मी कधी विचारलं नाही. गेला आठवडाभर ती बाई तापाने पडून आहे म्हणून आज रस्सा घेऊन गेली. परत आली ती दारातच उभी राहिली, टोपीसुद्धा काढली नाही.

"अहो, लढाईत तुमची पत्रं कोण लिहायचं?"

"टोबी हॅस्केट. का गं?"

"त्या बाईला तापाने अक्षर लागेना, म्हणून तिने मला बायबलात जपून ठेवलेलं एक जुनं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. नवऱ्याचं शेवटचं. मी घडी उघडली आणि अक्षर बघितलं. तेच अक्षर. माझ्या पेटीतल्या पत्रांचं." मग म्हणाली, "ती हल्डा हॅस्केट आहे. तुमच्या टोबीची विधवा. आणि तिच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद खिळलाय, तुमच्या सहीचा."

मी म्हटलं शक्य नाही. मग आठवलं, अकरा सह्या आणि हातातला झारा.

माइंडवेल एप्रनने डोळे पुसत होती. म्हटलं, अक्षरापायी काय रडतेस, खरी गोष्ट किती वाईट आहे ती बघ. तर माझ्याकडे असं काही बघितलं की बस. म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं." बायकांचं खरंच काही कळत नाही.

आज मला माझीच लाज वाटते. एवढंच.

२४ सप्टेंबर

गेलो. खोपटात माग, खाट आणि एक स्टूल. मला बघून ती उशीला टेकून बसली. पन्नाशीची असेल. टोबी सांगायचा ती सोनेरी केसांची, हे केस पांढरे. मी टोपी हातात धरून उभा.

"हॅस्केटबाई, आल्याआल्या सांगायचं नाही का कुणाची कोण ते?"

"सांगणारच होते, कॅप्टन. भाऊ होता तोवर त्याच्याकडे होते. तो पश्चिमेला जमीन घेऊन गेला. म्हटलं, टोबीने सांगितलेलं गाव बघू. आधी स्वतःच्या हाताने चार पैसे कमवू, बस्तान बसवू, मग तुमच्या दारात जाऊ. रिकाम्या हाताने कसं जायचं? तेवढ्यात कागद आला."

"मी वाचला नव्हता."

"सही तुमचीच होती ना?"

"हो."

"मग मी समजले, तुम्हाला आठवायचं नसेल. लढाईचं बऱ्याच जणांना आठवायचं नसतं. त्यात काही वाईट नाही." दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "पहिले काही दिवस कागदाला मुंग्या लागायच्या. का कोण जाणे."

मी जवळ जाऊन बघितलं. पाकाचा डाग होता. म्हटलं, उद्याच्या उद्या तुम्ही आमच्या घरी चला.

"पाहुणी म्हणून?" ती म्हणाली. "किती दिवस? कागद माझ्या नावाचा आहे, कॅप्टन. मी तुमच्या चुलीपाशी बसले म्हणून तो कागद काही पुसला जात नाही. मला दया नको. टोबीने गाव सांगितलं होतं, दया नव्हती सांगितली."

घरी येताना कुंपणाचे तीन खांब लाथेने पाडले. नंतर परत ठोकले.

२६ सप्टेंबर

डीकनकडे गेलो. म्हटलं, एक कागद परत घ्यायचाय.

त्याने शांतपणे वही उघडली. "नोंद झालीय. पंचांपैकी दोघं तयार असतील तरच रद्द होईल. आणि बाई आजारी आहे, म्हणजे उद्या ती गावाच्या गळ्यात. हा कागद रद्द केला तर बाकीचे दहा दारात उभे राहतील. आज एक ठेवून घ्या, उद्या दहा येतील." वही मिटून म्हणाला, "तुमचेच शब्द आहेत, कॅप्टन. मला तेव्हा पटले नव्हते. नंतर विचार केला, आणि पटले."

माझ्या तोंडून निघालेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी इतकं भिकार वाटेल असं वाटलं नव्हतं.

ठीक आहे. मी विधानसभेचा माणूस आहे. कायदाच बदलीन. लढाईत पडलेल्या माणसाच्या बायकापोरांना कुठल्याही गावाने निघा-कागद देऊ नये. एवढा साधा कायदा, कोण नाही म्हणेल?

२ ऑक्टोबर

बटाटे काढले, वरचं शेत नांगरलं. नांगरामागे चालताना भाषणाचा सराव केला. "माननीय सभापती!" म्हटलं की स्टार थांबतो आणि त्याच्यामागे गोल्डिन थांबतो. दोन्ही बैलांचं मत माझ्याविरुद्ध दिसतंय. माइंडवेल कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "ओरडू नका, सांगा. एवढंच करा." सांगतोच तर होतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दीड दिवस घोड्यावर बसून पोहोचलो. सभा इथल्या चर्चमध्ये भरते. नव्वदेक माणसं, निम्मी तरी माझ्यासारखी, नखांत माती असलेली. खाणावळीत एका खाटेवर तिघं झोपतो. मधला मी. डावीकडचा घोरतो, उजवीकडचा झोपेत मतदान करतो.

१६ ऑक्टोबर

आज बोललो.

पहिली दोन वाक्यं बरी गेली. मग टोबीचं नाव आलं. खाकरलो, पुढे गेलो. जो माणूस आपल्यासाठी मेला त्याच्या बाईला आपण कॉन्स्टेबलच्या स्लेजगाडीवर चढवून गावोगाव पोत्यासारखं ढकलत नेतो, हे आपलं स्वातंत्र्य का, असं विचारलं. काही माना डोलल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग खालच्या गावांचा कर्नल प्रॉस्पर वॅडहॅम्स उठला. गोड बोलतो, मोठा जमीनदार, बुटांना कधी शेण लागलेलं नाही. म्हणाला, "कॅप्टन थ्रॉल यांच्या भावनेचा मी आदर करतो. एकच विचारतो. कॅप्टन स्वतः गावचे पंच आहेत ना? यंदा किती निघा-कागदांवर सह्या केल्या?"

खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण टोबी ऐकतोय असं वाटलं मला. म्हटलं, "अकरा."

"आणि त्यात या बाईंचा होता का?"

"होता. न वाचता केली सही."

आधी कुणीतरी मागे हसलं, मग सगळेच. खाली बसलो. कानशिलं तापली होती. कर्नल म्हणाला, चूक कॅप्टनने करायची आणि कायदा व्हर्मांटने बदलायचा, हे काही बरं नाही. पुन्हा हशा.

१७ ऑक्टोबर

विधेयक पुढच्या बैठकीवर ढकललं. म्हणजे बुडालं.

संध्याकाळी खाणावळीत एक म्हातारा प्रतिनिधी माझ्यासमोर बसला. सफरचंदाची दारू पुढे सरकवून म्हणाला, "मी सात सह्या केल्यात. वाचून." एवढंच बोलून उठून गेला.

हरलो, पण संपलेलं नाही. घरी गेल्यावर बघू.

१ नोव्हेंबर, शनिवार

घरी. पहिला बर्फ भुरभुरला. बातमी वाईट. मी नसताना गावाने हॅस्केटबाईला जळण दिलं, म्हणजे ती आता रीतसर गावावर ओझं झाली. डीकनने तारीख ठरवली. मंगळवार, १८ नोव्हेंबर, रस्ते बंद व्हायच्या आत. लेव्हीने तिला शेजारच्या गावच्या कॉन्स्टेबलच्या हवाली करायचं, त्याने पुढच्याच्या, असं करत पार तिच्या मूळ मुलखात, कनेक्टिकटपर्यंत. ताप उतरलाय, पण उभी राहिली की अजून डगमगते. असल्या थंडीत ती पोहोचणार नाही. डीकनलाही ते माहीत असणार. विचारलं तर म्हणाला, "गावाचा हुकूम आहे." मी म्हटलं, तुमचा आहे. तो म्हणाला, "आणि खाली सही तुमची आहे."

४ नोव्हेंबर

जेवताना माइंडवेल बोलत होती. बीन्समध्ये मीठ कमी पडलं, कालवड लंगडतेय, असलंच काहीतरी. मग म्हणाली, "बघा ना, गावात ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला काही कुणी हाकलत नाही. तो डीकन केलमांचा दारुडा मेहुणासुद्धा बघा, दलदलीचा तुकडा आहे त्याच्या नावावर, म्हणून टिकलाय." मग पुन्हा कालवडीवर आली.

मी चमचा खाली ठेवला. मला एकदम कल्पना सुचली! हॅस्केटबाईच्या नावावर जमीनच करून द्यायची. माइंडवेलला सांगितलं तर म्हणाली, "अय्या, खरंच! मला कसं नाही सुचलं?" आणि मला आणखी बीन्स वाढल्या.

पण कुठली द्यायची? वरचं शेत दिलं तर आपण खायचं काय? दलदल द्यायची तर लाज वाटते. बराच वेळ विचार केला. मग उठून राईकडे बघत उभा राहिलो. तिथेच सही केली होती ना मी. तीच द्यायची.

ती राई माझ्या बापाने राखलेली. जीव तुटतो. तरी तीच.

५ नोव्हेंबर

डीकनकडे खरेदीखत नोंदवायला गेलो. त्याने लेखणीला टोक करायला जो वेळ लावला तेवढ्यात माझं एक शेत नांगरून झालं असतं.

"मोबदला काय लिहू?"

"लिहा, दिलेला शब्द."

"असं नाही लिहीत कुणी."

"आता लिहितील."

लिहिलं त्याने. मग वाळू टाकून म्हणाला, "जमीन एकटी पुरणार नाही, कॅप्टन. त्या जमिनीवर माणूस राहता हवा. छप्पर हवं, चूल हवी. अठरा तारखेला सकाळी लेव्ही जाईल तेव्हा त्या चुलीतून धूर निघत नसेल, तर हा कागद निव्वळ कागद." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, पण आवाजात खुन्नस नव्हती. नुसता नियम सांगत होता.

तेरा दिवस, तेही नोव्हेंबरात. मी पूर्ण खत ओळीओळीने वाचलं आणि मग सही केली. डीकन म्हणाला, "हे नवीनच."

६ नोव्हेंबर

बाई तयार होईना. "एवढी मोठी राई? कॅप्टन, माझी किंमत एवढी नाही."

"तुमची नाही. माझ्या शब्दाची आहे," मी म्हटलं. "टोबी माझ्या पुढ्यात गेला. मी शब्द दिला होता आणि मोडला. तुम्ही घेतलं नाही तर तो मोडलेलाच राहतो. माझ्यावर उपकार करा, घ्या."

तिने मागावरचा एक धागा ताणून बघितला. मग म्हणाली, "राई माझी झाली तर पाकही माझा. निम्मी साखर तुमच्या घरी येईल. आणि कढईवर हुकूम माझा चालेल. तुम्ही पाक जास्त आटवता."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोने." आणि पहिल्यांदा हसली.

मी पाक जास्त आटवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर एकट्याने ओंडके तोडले, पण घर हे एकट्याचं काम नाही, म्हणून पंधरा तारखेला पलटणीला हुकूम पाठवला होता. सोमवारी सकाळी खास कवायत, जागा मेपलची राई. बंदुका नकोत, कुऱ्हाडी, करवती, घोडे घेऊन या. खाली मुद्दाम लिहिलं, खराटेही चालतील.

मला वाटलं वीसेक येतील. सदतीस आले. भुरभुर चालू होती. मी ओंडक्यावर उभा राहिलो. भाषण नाही केलं. माइंडवेलने सांगितलं होतं तसं सांगितलं. म्हटलं, "इथे एक बाई राहणार आहे, टोबी हॅस्केटची. तुमच्यातल्या सहा जणांना त्याने पाठीवर घेऊन नदी पार केली होती. मी तिला न वाचता गावाबाहेर काढलं. उद्या सकाळपर्यंत इथे छप्पर हवं आणि चूल पेटलेली हवी. गवत, पेंढा!"

दोनदा सांगावं लागलं नाही. दगड, लाकूड, चिखल, सगळं आलं. दुपारी लेव्ही टटल कुऱ्हाड टेकवून माझ्याकडे आला, तोंड पडलेलं.

"कॅप्टन, एक विचारू? उद्या सकाळी मला हिला न्यायला यायचंय, आणि आज हिचंच घर बांधतोय. आज मी कॉर्पोरल आहे की कॉन्स्टेबल?"

"सूर्य मावळेपर्यंत कॉर्पोरल. हाण कुऱ्हाड."

"आणि उद्या?"

"उद्या तुझी ड्युटी कर. पण नाक उघडं ठेवून ये, धुराचा वास घे."

चार वाजता छप्पर चढलं, पण दार नव्हतं. फळ्या संपल्या होत्या. बर्फ सरळ आत येत होता. तेवढ्यात डीकन त्याच्या स्लेजवरून आला. मागे त्याच्या धान्याच्या कोठाराचं दार, बिजागऱ्यांसकट. उतरवलं आणि म्हणाला, "नियमात फक्त छप्पर आणि चूल आहे. पण छप्पर आणि चूल असून दार नसलेलं घर मला दप्तरात घर म्हणून लिहिता येणार नाही." मी त्याचा हात हातात घेतला. या वेळी दाबला मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आठला हॅस्केटबाई चुलीपाशी, माइंडवेल तिच्या शेजारी. मी बाहेर लाकडं फोडत होतो, म्हणजे फोडल्यासारखं करत होतो. धूर सरळ वर जात होता.

लेव्ही रिकामी स्लेज घेऊन आला. टोपी काढली, धुराकडे बघितलं, नाकाने मोठ्याने श्वास घेतला. मग कागद उलगडून गंभीरपणे वाचला, "हल्डा हॅस्केट, गावची रहिवासी नसलेली..." आणि थांबला. "हे काही बरोबर नाही. या तर इथल्या जमीनदारीण. चुकीच्या पत्त्यावर आलो मी. माफ करा, बाई." परत जाताना माइंडवेलने त्याला मक्याची भाकरी आणि डुकराचं मांस बांधून दिलं.

मी आत जाऊन बघितलं. जुना कागद हॅस्केटबाईने येताना सोबत आणला होता. आता तो चुलीच्या वर खिळला होता, पाकाच्या डागासकट. म्हटलं, जाळा ना तो. म्हणाली, "असू दे. टोबीला सांगायला पुरावा होईल, की त्याच्या कॅप्टनला पाक सांडायची सवय आहे."

११ जानेवारी १७८९, रविवार

बर्फ कमरेएवढा. चर्चला जाता आलं नाही. माइंडवेलने पेटी उघडली आणि माझ्या पुढ्यात लढाईतली पत्रं ठेवली. "वाचा," म्हणाली. "सही तुमची आहे, पण तुम्ही कधी वाचली नाहीत. मला आता माहीत आहे."

वाचली. मी टोबीला सांगितलेलं मला आठवत होतं, ठीक आहे, बैल विकू नकोस, थंडी आहे. पत्रात होतं, 'तुझा हात माझ्या कोटाच्या खिशात असायचा तो खिसा मी अजून रिकामाच ठेवलाय. कशाने भरत नाही मी तो.' आणखीही बरंच होतं. ते सगळं इथे लिहिणार नाही.

मी म्हटलं, "मी असं सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"इतकी वर्षं तुला वाटलं, मी..."

"हो. आणि तुम्ही घरी आलात ते पहिलं वाक्य काय, तर कालवड कुठाय." हसता हसता तिचे डोळे भरले. "मी म्हटलं, पत्रातला माणूस वाटेत कुठेतरी हरवला असेल. पण नोव्हेंबरात राईत ओंडक्यावर उभं राहून बोलत होतात ना, तेव्हा म्हटलं, आला एकदाचा."

इथे लिहितो, कारण इथे मला कुणी हसत नाही. मी सांगितलं नव्हतं, पण सांगायला हवं होतं. टोबीने माझ्या वतीने खोटं लिहिलं नाही. जे मला सुचलं नाही तेवढंच लिहिलं.

२३ मार्च, सोमवार

रस सुटला. सवयीने पहाटे उठून कुऱ्हाड, बादल्या घेऊन राईत गेलो. चुलवण पेटवलं, कढई चढवली. मग लक्षात आलं की राई माझी नाही, पण तोवर पाक उकळायला लागला होता.

तेवढ्यात लेव्ही टटल आला, चेहरा सरकारी. "कॅप्टन असाहेल थ्रॉल, तुम्हाला कागद आहे. जमीनदारीणबाईंकडून." मागून माइंडवेल आणि हॅस्केटबाई येत होत्या, दोघी हसू दाबत.

एका हातात झारा होता. दुसऱ्या हाताने कागद घेतला. लेव्ही म्हणाला, "सही करून द्या, मला पुढे जायचंय."

"थांब," मी म्हटलं, आणि झारा खाली ठेवून वाचायला लागलो. अक्षर ओळखीचं वाटलं. नवऱ्याच्या हाताखालीच शिकली असणार ती. 'सदर इसम कुठल्याही परवानगीशिवाय माझ्या राईत येऊन पाक आटवत असल्याचं आढळून आलं आहे. तरी त्याने दुपारपर्यंत राई सोडून जावं. मात्र तो दुपारचं जेवण आमच्यासोबत घेणार असेल, पाक मी सांगेन तेव्हा उतरवणार असेल, आणि दर वर्षी हेच करायला येणार असेल, तर त्याला इथला कायमचा रहिवासी समजण्यात यावं.' खाली हल्डाची सही. त्याखाली साक्षीदार माइंडवेल थ्रॉल. त्याखाली दप्तरात नोंद केल्याची डीकनची सही, आणि शेजारी त्याच्या हातचं, 'नियमात बसतं.'

पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एक शब्द न सोडता. माइंडवेल ओरडत होती, "अहो! कढई!"

उतू गेली. जाऊ दे. आधी वाचून पूर्ण केलं, आणि मग सही केली.